अक्का बसली आहे

“अक्का बसली आहे” असं कोणी म्हटलं की आमच्या घरात रेडिओसुद्धा बंद व्हायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझे वडील आबा, अक्का आणि मी धुळ्यात राहत होतो. आई मी लहान असतानाच गेलेली. मोठी बहीण अक्का पारोळ्याला दिलेली. तिचा मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला आणि ती माहेरी आली, ती परत गेलीच नाही. जेवायला बोलावलं तरी भिंतीकडे बघत राहायची. तेव्हा वस्तीतल्या बुद्धविहारात ध्यान शिकवणाऱ्या नानांनी तिला श्वास बघायला शिकवलं. डोळे मिटायचे, नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता जाणायचा, मन पळालं की परत आणायचं. सकाळी अर्धा तास, बस्स.

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. मग ती दुपारीही बसू लागली. आबांची छाती फुगली. आमची पोरगी ध्यानाला बसते, असं वस्तीत ज्याला त्याला सांगत सुटले. ध्यानातल्या माणसाला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, हा आमच्याकडचा दंडक. मी बारावीत होते, घरातलं सगळं माझ्या गळ्यात पडलं होतं आणि खरं सांगते, मला तिचा भयंकर राग यायचा. बसायला काय जातं, भांडी कोण घासणार?

त्या रागातच एकदा मी तिच्याकडे नीट बघितलं. पाठ ताठ, चेहरा शांत. पण उजवा हात मांडीवर हळूहळू थोपटत होता. मांडीवर काहीच नव्हतं.

संध्याकाळी मेथी निवडताना विचारलं, “अक्का, डोया मिटीसन तू कोठे जास वं?”

“घर,” ती म्हणाली आणि हसली. किती महिन्यांनी हसली! “पोऱ्या आते चालाले लागना. कोनले सांगू नको.”

दिवास्वप्नं मीही बघायचे. वर्गात बसल्या बसल्या जळगावात नर्स होऊन पांढऱ्या कपड्यांत फिरून यायचे. पण घंटा झाली की मी बाकावर असायचे. अक्काला हाक मारून परत आणणारं कोणी नव्हतं, कारण हाक मारायचीच नाही असं आम्ही ठरवलं होतं. हे मला कळत होतं. तरी मी गप्प राहिले, कारण ती हसली होती.

मग ती उठल्यावर आमच्यात नसायचीच. भाजीत मीठ दोनदा पडायचं, वेणी चार-चार दिवस तशीच. चैत्रातल्या एका दुपारी मी घरी आले तर घरभर करपल्याचा वास. अक्का स्वयंपाकघरात डोळे मिटून बसलेली. पातेल्यात भाताचा कोळसा, आणि तिच्या पदराचा काठ वीतभर जळून काळा पडलेला. शेजारच्या मावशी मला दारातच भेटल्या होत्या. धूर बघून त्याच आत गेल्या होत्या, पदर त्यांनीच विझवला, स्टोव्ह बंद केला आणि चपला हातात घेऊन पाय न वाजवता बाहेर आल्या.

“हाक नही मारी वं,” त्या कौतुकानं म्हणाल्या. “अक्का बशेल व्हती ना.”

त्या संध्याकाळी मी आबांना सगळं सांगितलं. आबा नानांना घेऊन आले. नाना अक्कासमोर बसले आणि हळूच म्हणाले, “बाई, आत्ता श्वास कुठल्या नाकपुडीत लागतोय?” तीनदा विचारलं. ती थोपटत राहिली. नाना आबांकडे वळले. “हे ध्यान नाही. बसायला सांगितलं मी, पण ही बसली कुठंय? हिला उद्याच डॉक्टरकडे न्या. चूक माझी आहे.”

जळगावच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. बसणं बंद. दर थोड्या वेळानं तिला हाक मारायची, हे काम माझं. दोन-अडीच महिन्यांत ती वेणी घालू लागली, भाकरी गोल येऊ लागली. आबा पुन्हा रेडिओ लावू लागले. मलाही वाटलं, सुटलो.

एका सकाळी ती ओट्यावर डोळे मिटून बसलेली दिसली. मी घाबरून हाक मारली. तिनं लगेच डोळे उघडले. अगदी स्वच्छ, जागे डोळे.

“आज तो दिखना नही,” ती म्हणाली.

“तूच सांगी दिधं ना आबासले? आते त्याले कोन सांभाळी?”