चांगुणासाठी ठेवलेली दुखणी

तिसगावच्या आठवडी बाजारात चांगुणा दिसली, की बाया तिला ‘डॉक्टरीण’ म्हणून हाक मारायच्या. डॉक्टरणीचं शिक्षण तेव्हा नगरच्या कॉलेजात सायन्सचं पहिलं वर्ष, आणि तिनं आजवर कापून पाहिलेला जीव म्हणजे एक बेडूक, तोही चौघांत मिळून. पण बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ही म्हण काही उगीच पडलेली नाही. चांगुणाही हाक ऐकून लाजायची, ‘नका हो’ म्हणायची, आणि दुसऱ्या हाकेची वाट बघायची.

डॉक्टर व्हायचं तिनं ठरवलं ते थोरल्या बहिणीपायी. मालन पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंत सुखरूप झाली, पण मग तापानं फणफणली. वडिलांनी, राधाकृष्णआबांनी, बैलगाडी जुंपून तिला पाथर्डीच्या दवाखान्यात नेलं. दारात कळलं की आत तपासायला बाई नाही, बाप्या आहे. मालननं गाडीचा दांडा गच्च धरला. “मेले तरी चालंल, पर बाप्याला दावू नका,” एवढंच ती म्हणत राहिली. बरोबरच्या बायांनी माना डोलावल्या, आबा खाली बघत उभे राहिले, आणि गाडी तशीच माघारी फिरली. दोन दिवसांत मालन गेली. पुढं कितीतरी दिवस बाया म्हणत, पोर अब्रूची होती हो. चांगुणाला बहिणीच्या मरणापेक्षा त्या कौतुकाचा राग जास्त आला. आठवीतली पोर चुलीपुढं बसून म्हणाली, “मी डॉक्टर होनार. बायांची.”

ते ऐकणारी होती तिची चुलती, छबूबाई. आई चांगुणाला आठवतही नव्हती. न्हाऊमाखू घालून तिला वाढवलं ते या काकीनंच. स्वतःला मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. मॅट्रिकनंतर आबा पोरीसाठी स्थळं बघू लागले, तेव्हा दिराशी कधी मान वर करून न बोललेली छबूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, “भावजी, एक पोरगी अब्रूपायी गेली. ही शिकू द्या.” आबा जेवले, उठले, आणि दुसऱ्या दिवशी नगरला जाऊन पोरीची राहायची सोय बघून आले.

आता खरी गंमत सुरू झाली. चांगुणा नगरला गेली आणि वस्तीवरच्या बायांनी आपली दुखणी तिच्यासाठी ठेवायला सुरुवात केली. अंगावर काढायची सवय त्यांना होतीच. आता त्या सवयीला एक कारण मिळालं. कुणाचं अंग बाहेर यायचं, कुणाला पाळीच्या वेळी चक्कर, कुणाच्या ओटीपोटात कळा. साळूबाईनं तर दातही ठेवला होता. “दात कुनालाबी दावता येतो की, मावशी,” चांगुणा हसून म्हणाली. “आसंल,” साळूबाई म्हणाली, “पर आपली डॉक्टरीन आसल्यावर दुसऱ्याफुडं तोंड कशाला वासायचं?” सुट्टीत ती घरी आली, की गोठ्यामागं एकेक बाई हळूच यायची, पदर तोंडाला लावून सांगायची, आणि शेवटी म्हणायची, “घाई न्हाई बरं. तू झालीस की दावीन.”

चांगुणाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती मान हलवत ऐकायची. रात्री पडल्या पडल्या तिला आपला दवाखाना दिसायचा. तिसगावच्या रस्त्यालगत दोन खोल्या, दाराला पांढरा पडदा, बाहेर बाकावर याच सगळ्या बाया. इतक्या जणी आपली वाट बघत आहेत म्हटल्यावर आपण होणारच, असं तिला वाटायचं. अभ्यास नको व्हायचा तेव्हा त्या बाकाची आठवण तिला पुन्हा पुस्तकाशी नेऊन बसवायची. त्यांचं थांबणं हीच तिची ताकद होती, आणि तेच थांबणं त्यांचा घात करत होतं, हे तिच्या ध्यानात यायला एकाहत्तरची दिवाळी उजाडावी लागली.

त्या दिवाळीत तिला तेल लावताना छबूबाईचा उजवा हात वर जाईना. चांगुणानं विचारलं तेव्हा काकी सहज म्हणाली, “छातीत गाठ हाय. तुलाच दावायची म्हनून ठिवलीय.”

“कवापासून?”

“तू नगरला गेलीस तवापासून आसंल. किती वर्सं लागत्यात गं अजून?”

“सहा तरी, काकी.”

“मग थांबते की,” छबूबाई म्हणाली आणि पुन्हा तेल चोळू लागली.

चांगुणा रडली, भांडली, जेवायची थांबली. शेवटी काकी नगरला यायला तयार झाली, पण एका अटीवर: बाई डॉक्टरच पाहिजे. नगरच्या मोठ्या दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या, त्यांनी न तपासता नुसतं ऐकून घेतलं आणि सांगितलं, हे काम सर्जनचं. सर्जन निघाले पिकल्या केसांचे पुरुष. छबूबाई टेबलावर उठून बसली. म्हातारे डॉक्टर काही रागावले नाहीत. त्यांनी मधला पडदा ओढला, स्वतः बाहेर उभे राहिले आणि म्हणाले, “पोरी, आज तुझा हात तोच माझा हात. मी सांगतो तसं बघ.”

छबूबाईनं तोंडावर पदर घेतला. चांगुणानं बोटं टेकवली.

“दाबू नकोस, फिरव. सरकते का?”

“नाही.”

“कडा कशा आहेत?”

“खडबडीत. कातडी आत ओढल्यासारखी झालीय.”

“काखेत बघ.”

“तिथं पण आहे. दोन.”

डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं, की सरकणारी गाठ बहुतेक वेळा बरी, रुतून बसलेली वाईट. ही बाई वर्षभरापूर्वी आली असती, तर पुष्कळ करता आलं असतं. जाता जाता ते म्हणाले, “हात चांगला आहे तुझा. मेडिकलला गेलीस की सांग मला.” काकीचं मरण आणि स्वतःचं कौतुक तिनं एकाच दारात उभं राहून ऐकलं. कौतुकानं आपल्याला आनंद झाला, याची तिला शरम वाटली. पण आनंद झाला होता खरा.

भूल दिल्यावर कोण कापतंय ते कुठं दिसतंय, म्हणत काकी ऑपरेशनला तयार झाली, पण उपयोग झाला नाही. चांगुणा इंटरची परीक्षा देऊन, जिच्या मार्कांवर मेडिकलचं ठरायचं ती, घरी आली तेव्हा छबूबाई अंथरुणाला खिळलेली होती. एका दुपारी तिनं चांगुणाचा हात हातात घेतला. “तुझ्याच हाताला दावलं बग मी,” ती समाधानानं म्हणाली. उन्हाळा सरायच्या आत ती गेली.

दहाव्याला बाया जमल्या. भांडी घासता घासता शेजारची लंकाबाई चांगुणाजवळ सरकली. तिचं वय जेमतेम तीस, पदरात लहान लेकरं. “माज्याबी छातीत आलीय गं बारकी गाठ,” ती म्हणाली. “घाई न्हाई. तू झालीस की दावीन.”

चांगुणाचा हात राखेतच थांबला. निकाल अजून लागायचा होता. पेपर बरे गेले होते, आणि मनातल्या मनात ती रोज त्या बाकावरच्या बाया मोजत होती. ती उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मी न्हाई होनार डॉक्टर. कुनी माज्यासाठी थांबू नका.”

कुणालाच खरं वाटेना. मग साळूबाई उसळली. “मंग इतकं शिकलीस कशाला? आमाला आशेला लावून बसवलंस.”

“चुकलंच माजं. पर आता थांबू नका. बाप्याला दावायची लाज वाटली, तर मी पडद्याआड उभी ऱ्हाते.”

खोटं ती ठामपणे बोलली, पण आतून तिला वाटलं, आपणच आपल्या दवाखान्याचा पडदा ओढून काढला. ज्यांच्या जिवावर ती डॉक्टर होणार होती त्यांनाच तिनं घरी पाठवलं होतं. बाया उठून गेल्या. त्या दिवसापासून तिला कुणी डॉक्टरीण म्हटलं नाही, आणि त्या हाकेसाठी तिचे कान बाजारात उगीचच टवकारत राहिले.

निकाल लागला. पास झाली, पण मेडिकलला लागणाऱ्या मार्कांपासून थोडी अलीकडं राहिली. पुन्हा बसते म्हणावं, तर पावसानं दडी मारलेली. आबा म्हणाले, “औंदा न्हाई जमायचं, पोरी. फुडं बगू.” पुढं म्हणजे कधी, हे त्यांनाही माहीत नव्हतं. बोललेलं खोटं खरं होऊन दारात उभं राहिलं.

त्याच आठवड्यात लंकाबाई स्वच्छ लुगडं नेसून आली. “चल,” एवढंच म्हणाली. दोघी एस.टी.नं नगरला गेल्या. दवाखाना तोच, टेबल तेच. म्हाताऱ्या डॉक्टरांनी चांगुणाला ओळखलं आणि न सांगता पडदा ओढला.

“काय गं, मेडिकलचं काय झालं?” त्यांनी पलीकडून विचारलं.

चांगुणा हात धुऊ लागली. तोंडावर पदर घेतलेली लंकाबाईच आतून बोलली, “ती न्हाई होनार डॉक्टर. तिनंच सांगितलंय चारचौघीत. म्हनून तर आले मी.”

चांगुणानं डोळे पुसले, हात कोरडे केले आणि बोटं टेकवली.

“फिरव,” डॉक्टर हळूच म्हणाले. “सरकते का?”

तिनं एकदा फिरवलं. खात्री व्हावी म्हणून पुन्हा फिरवलं.

“सरकते,” ती म्हणाली.