खालचा बाण आणि कुंकवाचा तांदूळ

वायफायचं चिन्हच गेलं. कोपऱ्यात असायचं ना, पंख्यासारखं, ते नाहीच, आणि अकराला पोरीची शिकवणी. केलं काय मी, तर सकाळी लॅपटॉपनं विचारलं नवीन अपडेट आलंय टाकू का, मी हो दाबलं, मला वाटलं चांगलंच असंल. बंद करून चालू कर म्हटला, तेही केलं. चालू झाला तर फोनचा हॉटस्पॉट त्याला दिसेचना.

माझी पोरगी तीन वर्षांची, तिला कमी ऐकू येतं, दोन्ही कानाला मशीन आहे. इंदूरच्या एक मॅडम तिला व्हिडिओवर बोलायला शिकवतात. फोनवर मॅडमचे ओठ एवढेसे दिसतात, पोरगी बघतच नाही, फोन घेऊन पळते. लॅपटॉपवर मोठं तोंड दिसायला लागलं तेव्हापासून बसते. आणि मॅडमकडे इतकी पोरं, की दोनदा चुकलं तर जागा दुसऱ्याला जाते. एकदा तापात आमचं चुकलेलंच होतं.

तिचे पप्पा पेपर मिलमध्ये ड्युटीवर, आत फोन नेऊ देत नाहीत. मी भावाला फोन लावला. माझा लहान भाऊ भुसावळला मोबाइलच्या दुकानात बसतो, जुना लॅपटॉप त्यानंच दिलेला. पहिले रांगत चालायचा म्हणून त्यात लिनक्स टाकलेलं. फुकट असतं ताई, जगभरचे लोक मिळून बनवतात, असं सांगितलं होतं त्यानं.

"मी बिघडवला रे, सगळं गेलं!"

"ताई, पहिले श्वास घे. काही गेलं नाही. फोन वायरनं जोडून बघ."

जोडला. आमची वायर स्वस्तातली, नुसती चार्जिंग झाली, नेट काही आलं नाही.

"मंग ऐक. नव्या अपडेटचं तुझ्या वायफायच्या चिपशी जमत नाहीये. पण जुनं त्यानं ठेवलेलं असतं. चालू करताना शिफ्ट दाबून धर, काळी यादी येईल, त्यातून जुनं निवड."

"मला नाही जमणार. इंग्लिश असंल सगळं."

"तू नववी, मी बारावी नापास. दोघं मिळून एकवीस शिकलो. जमतं की नाही बघ."

यादी आली. एक ओळ खाली जायचं होतं, बस. खालचा बाण दाबला, काही नाही. परत दाबला. तो दबतच नव्हता, आणि तेवढ्यात लॅपटॉप आपला आपण नव्यातच चालू झाला. मी रडायलाच लागले. रोज खालच्या पॅडवर बोट फिरवूनच काम चालतं, त्या बाणाला कधी हात लावलेला नव्हता.

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, हातात मीठ-मिरच्या. "नजर लागली त्याले. थांब, उतरवते."

"आई, मशीनवरून मीठ नका सांडू!"

"सांडत नाही वं, मले काय समजत नाही का?" त्यांनी ओवाळलं, मग वाकून बघितलं. "हे लाल काय आहे इथं?"

बाणाच्या फटीत कुंकवाचा तांदूळ. दसऱ्याला आम्ही मिक्सर, शिलाई मशीन, सायकल, सगळ्यांची पूजा केली होती, आणि लॅपटॉपवर अक्षता मीच भरभरून टाकल्या होत्या. ब्लाउजची पिन काढली, लॅपटॉप बंद केला आणि हळूहळू तो दाणा वर काढला. बाण टक्‌ करून दबला.

"तांदूळ केरात नको टाकू," सासूबाई म्हणाल्या आणि तुळशीत टाकून आल्या.

"ते मीठ-मिरच्या गॅसवर नका जाळू आई, पोरगी खोकेल."

"आता काय जाळायचं? नजर तर पिनेनं निघाली."

परत शिफ्ट धरलं. खाली एकदा, एंटर, मग ज्याचा नंबर कमी ते जुनं. भाऊ कानात बोलत होता, मी एकेक अक्षर त्याला वाचून दाखवत होते. पडदा उजळला आणि कोपऱ्यात तो पंखा परत होता.

मॅडम आल्या. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून त्यांनी 'पा' म्हटलं, पट्टी हलली. मीही पोरीसमोर पट्टी धरली. ती मॅडमच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली, आणि मग आमची पट्टी हलली. जराशीच. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या पण ओठ हलवत होत्या.

आता रोज चालू करताना मी जुनंच निवडते. आणि रोज तो विचारतो, नवीन आलंय, टाकू का. भाऊ म्हणतो, "टाक ताई, आता दुरुस्त करून दिलं असंल त्यांनी. जुन्यावर किती दिवस राहणार? आणि नाही जमलं तर परतायची वाट तुला माहीत आहे." खरं आहे त्याचं. पण पोरगी आता 'मा' शिकतेय. मी 'नंतर' दाबते. तुम्ही माझ्या जागी असता तर काय दाबलं असतं?