काकांचा आक्षेप

या देशातली लोकशाही कोणी टिकवली, असं मला कोणी विचारलं तर मी बेधडक माझ्या बायकोच्या काकांकडे बोट दाखवीन. रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरी करून निवृत्त झालेले हे काका रायपूरच्या बूढापाऱ्यात (तिकडे आळीला पारा म्हणतात) राहत आणि दर निवडणुकीत, ज्याला कुत्रं विचारत नाही अशा अपक्ष उमेदवाराचे पोलिंग एजंट म्हणून मतदान केंद्रात बसत. हा अपक्ष कधी भनपुरीचा ताडपत्रीवाला असे, कधी गुढियारीचा सायकलवाला. काका स्वतःच त्याला शोधून काढत. त्याला मत देत का, हे मात्र ब्रह्मदेवालाही ठाऊक नसेल. एकदा मी विचारलं तर डोळे वटारून म्हणाले, "त्याच्यासाठी बसतो म्हटलं, जावईबापू. मत देतो म्हटलं काय?"

मोठ्या पक्षांच्या एजंटांचं आपसात छान जमलेलं असे. बाहेर एकमेकांच्या नावाने घसा कोरडा करायचा आणि आत एकाच पुड्यातली जलेबी खायची, अशी त्यांची रीत. कोणाचं ओळखपत्र घरी राहिलं की दोघेही हात हलवत, "जाने दो भैया, अपने पारे का ही है." या 'जाने दो'वर काकांचा भारी राग. घरचा डबा मांडीवर घेऊन ते ताठ बसत आणि कार्ड नसलेल्या माणसावर उभं राहून आक्षेप घेत. किराणावाला, पुजारी, खुद्द त्यांचे डॉक्टर, कोणी सुटलं नाही. डॉक्टरांनी पुढे त्यांची साखर बंद केली. तो त्या आक्षेपाचा सूड होता, असं काका छातीठोकपणे सांगत.

छत्तीसगड वेगळं झाल्यानंतरच्या पहिल्या लोकसभेला काकूंची पाळी आली. माझंही नाव त्याच केंद्रावर, त्यामुळे मी रांगेत त्यांच्या मागेच होतो. काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या आणि कार्ड विसरून आल्या. दोन्ही एजंटांनी उठून नमस्ते केलं. काकाही उठले, पण नमस्कारासाठी नाही. "मेरा आक्षेप है."

केंद्राध्यक्ष चक्रावले. "आप इनको पहचानते नहीं?"

"घरवाली है साहब. मेरी पहचान से वोट थोड़े ही पड़ता है."

काकू तशाच घरी गेल्या, कार्ड घेऊन आल्या, मत दिलं, आणि शाई लावलेलं बोट काकांच्या नाकासमोर धरून चालत्या झाल्या.

दिल्लीत त्या खेपेला कोणालाच बहुमत मिळालं नाही. लहानमोठ्या पक्षांची मोट बांधून सरकार उभं राहिलं. सगळा पारा 'खिचडी सरकार' म्हणत नाकं मुरडत होता. काका एकटे खूश. पाऱ्यातल्या तलावावर फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला अडवून ते ऐकवत, "आता कसं एकेक डोकं मोजून राहिले. आजवर विचारत होतं काय कोणी एकट्या माणसाले?" घरात मात्र ते स्वतःच अल्पमतात होते. मतदानाच्या दिवसापासून काकूंनी अबोला धरला होता आणि मुलगा-सून काकूंच्या बाजूला. अखेर दिल्लीचंच उदाहरण समोर ठेवून काकांनी काकूंना पाठिंब्याच्या अटी विचारल्या. काकूंची अट एकच निघाली. "पुढच्या खेपेले त्या खुर्चीवर मी बसन."

काकांनी कबूल केलं. मला वाटलं, वेळ मारून नेली. पण दिल्लीतलं ते सरकार पाच वर्षं टिकलं, आणि काकांचा शब्दही टिकला.

पुढच्या लोकसभेला काकांनीच अपक्ष शोधून दिला आणि काकू त्याच्या एजंट झाल्या. काका तोवर आजारपणाने पार वाळले होते. दुपारी मी त्यांना हात धरून केंद्रावर नेलं. टेबलापाशी त्यांनी एक खिसा चाचपला, मग दुसरा. कार्ड घरीच राहिलं होतं.

"जाने दो दीदी," एक एजंट काकूंना हळूच म्हणाला, "काका की तबीयत तो देखो."

काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते काकूंकडे पाहत होते. इतकी वर्षं त्यांना ओळखत होतो, पण त्यांच्या चेहऱ्यावर धास्ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. परत चालत जावं लागेल, ही ती धास्ती नव्हती. आपल्यालाही आता 'जाने दो' म्हणतील, याची होती.

काकू उभ्या राहिल्या. आवाज मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला. "मेरा आक्षेप है."

काका असे हसले की मलाच भरून आलं. बाहेर येऊन मी स्कूटर आणतो म्हणालो, तर तेही नाही. "मतदाराले गाडीवर नेणं नियमात बसत नाही." हा नियम उमेदवारांसाठी आहे, हे त्यांना कोण सांगणार? आम्ही तलावाच्या कडेने, जिथे सावली मिळेल तिथे टेकत घरी गेलो, कार्ड घेतलं आणि तसेच परत आलो. मत देऊन काकांनी शाईचं बोट काकूंच्या नाकासमोर धरलं. काकूंनी पदराने डोळे टिपले आणि पुढच्या मतदाराकडे पाहायला लागल्या.

ते काकांचं शेवटचं मतदान. काकू अजूनही दर निवडणुकीला त्या खुर्चीवर बसतात. एकदा न राहवून मी त्यांना विचारलं, आजारी माणसाला तशा उन्हात परत का पाठवलंत?

"काहून म्हणजे? त्यायले चालत होती काय कोणाची दया?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न पाहता, "पाय मी घरी आल्यावर दाबून दिले."