वेंदेलीनचा संगणक मुका झाला तो सोमवार

वेंदेलीन स्मेकाल जन्मापासून आंधळा. चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सच्या आमच्या वाचनालयात तो पुस्तकांच्या नोंदी करायचा. संगणक पडद्यावरचा मजकूर त्याला वाचून दाखवायचा, आणि हेडफोन लावून तो माझ्या दुप्पट वेगाने टाइप करायचा. यंत्रं सांभाळणाऱ्या लुमीरची एक चूक त्याने हिवाळ्यात सगळ्यांसमोर काढली होती. लुमीरने ते मनात ठेवलं.

२००१ च्या मार्चमधे लुमीरने वेंदेलीनच्या संगणकावर नवा लिनक्स कर्नल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, घातला. त्या कर्नलसाठी साउंड कार्डचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा प्रोग्राम, पुन्हा कंपाइल करावा, म्हणजे नव्याने बांधावा लागतो; नाहीतर संगणक मुका होतो. तो त्याने मुद्दाम केला नाही.

सोमवारी वेंदेलीनने संगणक सुरू केला. आवाज नाही.

"लुमीर, कर्नल बदललास का रे?"

"बदलला. पुढचं तू बघ की, हुशार आहेस ना!"

वेंदेलीनला कंपाइलच्या आज्ञा पाठ होत्या. संगणक मुका असतानाच त्याने त्या टाइप केल्या आणि संगणकाच्या पेटीवर तळहात ठेवून हार्ड डिस्कची खरखर ऐकत बसला. ती पंधरा मिनिटं चालायला हवी होती. अर्ध्या मिनिटात थांबली.

"बोहदाना, जरा बघ गं, एरर आलीय का?"

आली होती. नव्या कर्नलच्या फाइल्स सापडत नव्हत्या. त्याच्या मागे उभ्या लुमीरने ओठांवर बोट ठेवलं.

"नाही रे," मी म्हणाले. "नीट झालंय सगळं."

म्हणजे कार्डच बिघडलं असणार, असं त्याला वाटलं. तो टेबलाखाली शिरला, पेटी उघडली, कार्ड काढून पुन्हा बसवलं. पत्र्याने बोट कापलं. हेडफोन काढून स्पीकर जोडले, तर लुमीरने बुटाच्या टोकाने त्यांची तार ओढून काढली.

"कोण हसतंय?"

"कोणी नाही बाबा. तुझं चालू दे," लुमीर म्हणाला.

मीही हसत होते.

दुपारी तो चाचपडत वाचकांच्या खोलीत गेला आणि निवृत्त शिक्षिका हेद्विकाबाईंना घेऊन आला. कंपाइल करताना संगणक लिहून ठेवतो ती फाइल त्याने पडद्यावर आणली. "अक्षर न् अक्षर वाचा."

त्यांनी वाचलं. मग म्हणाल्या, "अहो, ही एरर तर सकाळच्याच वेळेची आहे. कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

वेंदेलीनने माझ्याकडे तोंड वळवलं. मग फाइल्सचा मार्ग दुरुस्त करून त्याने पुन्हा कंपाइल केलं. या वेळी डिस्क पूर्ण पंधरा मिनिटं खरखरली. नवा ड्रायव्हर चढला, तरी शांतता. हा ड्रायव्हर सुरुवातीला आवाज बंदच ठेवतो, तो वाढवावा लागतो. त्याने पार शेवटपर्यंत वाढवला, निघालेली तार शोधून खोचली, सकाळची ती फाइल उघडली, आणि संगणक खणखणीत आवाजात सकाळची एरर वाचू लागला. सगळं वाचनालय ऐकत होतं.

संचालिका दोलेझालोवाबाई धावत आल्या. वेंदेलीनने घडलं ते सगळं सांगितलं.

"गंमत केली असेल हो पोरांनी," त्या म्हणाल्या. "पण दिवसभरात एकही नोंद नाही? आणि वर हा गोंगाट!"

जूनमधे त्याची जागा रद्द झाली. त्याचं काम आणि खिडकीजवळचं टेबल मला मिळालं. मी नको म्हणाले नाही.

शरद ऋतूत तो स्टेशनसमोरच्या ट्रामथांब्यावर दिसला. थांब्यावर आम्ही दोघंच होतो. ट्राम आली.

"किती नंबरची आहे हो ही?" त्याने विचारलं.

चार नंबरची होती, त्याच्याच घराकडे जाणारी. बोलले असते तर आवाज ओळखला असता त्याने. मी गप्प राहिले. दारं लागली आणि ट्राम निघून गेली.