ऑइल फिल्टरचा दसरा

बायको निवडायला मला चाळीस मिनिटं लागली होती (त्यातली पंधरा पोह्यांतले शेंगदाणे वेचण्यात गेली). गाडीचा ऑइल फिल्टर निवडायला एकवीस दिवस लागले.

गाडी जर्मन होती ना! म्हणजे माझ्याआधी दोघांनी वापरून सोडलेली, पण जर्मन. आम्ही मूळचे बार्शीचे, नोकरीसाठी सूसला आलेले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती उभी असली की मला उगीचच दोन इंच उंच झाल्यासारखं वाटायचं. त्याच भरात मी सासरी जाहीर करून बसलो, की माझा मेहुणा सागर दसऱ्याला आपल्या साखरपुड्याला मुलीच्या गावी, घोटावड्यात उतरेल तो माझ्याच गाडीतून! मुलीच्या वडिलांनी लगेच मांडवाशेजारची जागा गाडीसाठी सारवून घेतली. आता माघार नव्हती.

कार्याआधी सर्व्हिसिंग हवं म्हणून गाडी घोटावड्याच्याच बबन मिस्त्रींकडे टाकली. त्यांनी जुनं तेल काढलं, जुना फिल्टर काढला आणि विचारलं, "नवा फिल्टर मी आनू, का तुमी आनताय?"

"मीच आणणार! युरोपियन गाडी आहे मिस्त्री, तिला कुठलाही चालत नाही."

"मग ह्या जुन्यावरचा नंबर तरी बघून जावा."

जुन्यावरचा नंबर! इकडे मी अठरा फिल्टरांचा तक्ता केला होता! कागद कसला, घड्या किती, रबराची रिंग किती जाड, किती बारीक कण अडवतो... जगभरचे लोक या विषयावर एकमेकांशी भांडत होते आणि मी ती भांडणं रोज आंघोळीआधी वाचत होतो. मनीषा, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली, "अहो, चहाची गाळणी फाटून महिना झाला. तिचाही एक तक्ता करा."

निघताना मिस्त्रींनी बजावलं, "खंडेनवमीला दुपारी हत्यारं पुजायची हायेत. त्याच्या आत फिल्टर आना. येकदा पुजली की दसरा उलटंस्तवर मी पान्याला हात लावत न्हाई. बापाच्या येळपास्नं हाय आमचं."

"काळजीच करू नका मिस्त्री!"

त्यांनी नाही केली, मी केली. अठरातले दोन फिल्टर उरले आणि तिथे माझी गाडी रुतली. एकाची घडी चांगली, तर दुसऱ्याची रिंग! शेवटी डोळे मिटून एक मागवला, तो खंडेनवमीला संध्याकाळी आला. मी मिस्त्रींना फोन लावला. "पुजा झाली," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. सकाळी जाऊन हातापाया पडू, असं मी ठरवलं.

दसऱ्याच्या सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर होतो (साहेब परदेशात असला की त्याला दसरा नसतो). कार्यासाठी बार्शीहून आलेली आई दारात उभी राहिली. "अरे, वाहनाची पूजा करायची, आणि वाहन तर मिस्त्रीकडं! मग मी पुजू काय?"

"तो टेबलावरचा फिल्टर पूज! तोही गाडीचाच आहे!" स्क्रीनवरची नजरसुद्धा न हलवता मी म्हणालो.

मला वाटलं, खोक्याला कुंकवाचं बोट लावेल आणि गप्प बसेल.

कॉल संपवून देवघरात गेलो तर पाटावर, नागवेलीच्या पानावर, साक्षात फिल्टर! खोक्याबाहेर! अंगभर हळदकुंकू, घडीघडीत अक्षता आणि मधल्या गोल भोकात धुपत असलेली उदबत्ती!

"आई! हे काय केलंस?"

"खोक्याची कसली पूजा? वस्तूची करायची असते. आणि भोक किती सोयीचं ठेवलंय रे त्या लोकांनी!"

साडेबाराचा मुहूर्त होता. साडेअकराला मी, आई, मनीषा आणि शेरवानीतला सागर भाड्याच्या गाडीने गॅरेजवर पोचलो आणि ती गाडी लगेच परत पाठवली. मी रुमालातून फिल्टर काढला. मिस्त्रींनी आधी त्याला नमस्कार केला.

"पुजलाय व्हय?"

"थोडासाच. पुसून बसवू."

"ह्याच्या घड्यांत तांदूळ हायेत साहेब. इंजिनात भात शिजवताय का काय?"

"मग तुमच्याकडचा कुठलाही बसवा!" (एकवीस दिवसांचं तप त्या एका 'कुठलाही'त बुडालं.)

"बसवला आसता. पर कशानं?" त्यांनी बोट केलं. भिंतीशी पिवळ्या कापडावर सगळे पाने, पकडी, हातोडे ओळीने निजले होते आणि प्रत्येकाच्या अंगावर एकेक झेंडू होता.

"एकच पाना द्या! मी फिरवतो, पाप माझ्या डोक्यावर!"

"सणासुदीला डोक्यावर पाप कशाला घेतोस?" आई कडाडली. मिस्त्रींना हक्काचं माणूस मिळालं. दोघं स्टुलांवर बसून बार्शीच्या पावसावर बोलू लागली!

तेवढ्यात सागरचा फोन वाजला. होणारे सासरे. "पाव्हनं, कुटंशी हाय? आमी हितं दगडं लावून गाडीची जागा धरलीया!"

सागर नुसतं माझ्याकडे बघून "दाजी..." म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात एकदाच येणारा त्याचा दिवस, आणि मी तो तेलात घातला होता. तेसुद्धा मिस्त्रींनी काढून ठेवलेल्या जुन्या!

"आवो, मग माझा ट्रॅक्टर हाय की," मिस्त्री उठत म्हणाले.

गॅरेजमागे धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून त्यांचा ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीसकट. तशाही घाईत माझ्यातला अभ्यासक गप्प बसेना. "याला फिल्टर कुठला टाकता?"

"दुकानदार दील त्यो."

सागर मिस्त्रींशेजारी मडगार्डवर बसला. आम्ही तिघं ट्रॉलीत, पोत्यांवर. मांडवापाशी दगड हटवले गेले आणि जर्मन गाडीच्या सारवलेल्या जागेत ट्रॅक्टर घुसला. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो, तर मुलीच्या वडिलांनी सागरला मिठीच मारली. "आमाला वाटलं, पोरगं लई भाव खानारं आसंल. ह्ये तर आपल्यातलंच निगालं!" जेवणात सागरच्या साधेपणाचं कौतुक चाललं होतं. माझ्या गाडीची चौकशी कुणीसुद्धा केली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी जवळच्या पिरंगुटला जाऊन दहा मिनिटांत फिल्टर निवडला आणि आणला. मग गाडीतला जुना, त्यांचा नवा आणि माझा पुजलेला, असे तिन्ही माझ्यासमोर ओळीने मांडले. तिन्हींची कंपनी एक. नंबरही एक. "म्हनलं व्हतं, जुन्यावरचा बघून जावा," एवढंच ते म्हणाले.

माझा फिल्टर अजून देवघरातच आहे. मुक्काम वाढवलेली आई रोज त्यात उदबत्ती लावते. राखेचा एक कणही पाटावर पडत नाही. एकवीस दिवस काय उगाच घालवले होते मी?