नामाजीच्या पोटातली शांतता

पुसेगावच्या नामाजी मेंढपाळास आपल्या प्रकृतीचा भारी गर्व होता. मेंढीची खालची पापणी ओढायची, आतला रंग पांढरा दिसला तर जंत झाले असे समजून औषध पाजायचे, ही त्याची विद्या. बाजाराच्या दिवशी तो आरशात स्वतःचीही पापणी ओढून पाही आणि लाल रंग बायकोला, भागाबाईला, दाखवी. मुलगा प्रभू याच्यासाठी मुलगी पाहायला हट्टा या गावी गेला, तेव्हा या शहाण्याने चार माणसांत त्या मुलीची, अंजलीचीही पापणी ओढली होती. भागाबाईने शरमेने मान खाली घातली होती.

तीच सून २००४ साली पांढरीफटक पडली. अंगावर पिणारे लेकरू, घागर उचलताना धाप. त्या वर्षी जंतांचा अभ्यास करणारे एक डॉक्टर गावात आले होते. त्यांनी घरातील सर्वांना डब्या देऊन शौचाची तपासणी केली. अंजलीच्या पोटात रक्त पिणारे जंत निघाले. जंतांची सर्वांत जास्त अंडी मात्र नामाजीच्या डबीत होती.

“सायेब, डबी बदलली असंल. माझ्या पोटात कधी गुडगुड बी न्हाई.”

डॉक्टरांनी शांतपणे समजावले. शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवरणाऱ्या नियामक पेशीही असतात. त्या नसतील तर लढणाऱ्या पेशी शरीराचीच नासधूस करतील. जंत या आवरणाऱ्यांनाच हाताशी धरतो आणि वाढवतो. लढाई थंडावते, जंत वर्षानुवर्षे सुखाने नांदतो, माणसाला पत्ता लागत नाही.

“मामा, तुमचं शरीर जिंकलेलं नाही, त्यानं तडजोड केली आहे. गेलेलं रक्त तुम्ही दूध-मटणावर भरून काढता. सुनेनं कशावर भरून काढायचं?”

एवढ्या बोलण्यातून नामाजीने एकच गोष्ट उचलली. माझ्या अंगात राखणदार जास्त हायेत, असे तो पारावर सांगत सुटला.

डॉक्टरांनी दिलेली जंतांची गोळी सर्वांनी एकाच दिवशी घ्यायची होती. सर्वांनी ती तोंडात टाकली. तरी तीन महिन्यांनी अंजलीच्या तपासणीत पुन्हा अंडी निघाली, रक्त आणखी उतरले. मेंढवाड्यामागे नामाजी परसाकडे बसे. तिथेच अंजली अनवाणी लेंड्या गोळा करी. हे जंत घाणीच्या मातीतून उघड्या पायांत शिरतात, असे डॉक्टरांनी सांगितले होते. भागाबाईने नवऱ्याला खोदून विचारले.

“चांगली गोळी वाया काहून घालू?” तो ऐटीत म्हणाला. “गालात धरली अन् रोडक्या मेंढीला चारली. सुधारून राहिली ती.”

भागाबाईने हट्ट्याला, अंजलीच्या माहेरी, निरोप धाडला. अंजलीचे वडील येऊन लेकीला आणि नातवाला घेऊन गेले. सासऱ्याने आमच्यासमोर गोळी घेतल्याशिवाय पाठवणार नाही, असे त्यांनी बजावले. प्रभू तोंड फिरवून उभा राहिला. नामाजी महिनाभर अब्रूच्या गप्पा मारत फुगून बसला. शेवटी भागाबाईने त्याचे दूध बंद केले, तेव्हा तिच्यासोबत निघाला.

व्याह्यांच्या ओसरीवर त्याने गोळी तोंडात टाकली. “मला गरज न्हाई. तुमच्या समाधानासाठी घेऊन राहिलो.”

भागाबाई उठली. तीस वर्षांत ती नवऱ्याला चारचौघांत कधी बोलली नव्हती.

“चावा. गिळा. आता तोंड उघडा. जीभ वर करा.”

नामाजीने जीभ वर केली. तिने वाकून नीट पाहिले आणि अंजलीला बोचके बांधायला सांगितले.

अंजली जागची हलली नाही. “आत्याबाई, पंधरा दिवसांनी मामंजींची तपासणी होऊ द्या. मग येते.”

भागाबाईने मान हलवली, लेकराचा मुका घेतला, आणि नवऱ्याला पुढे घालून ती सुनेविनाच परतली.