कपाटामागचे उदारामभाऊ

अर्जुनी मोरगावच्या वाचनालयात रविवारी आमचं वाचन मंडळ भरतं. नियम एकच: प्रत्येकीनं एक पान मोठ्यानं वाचायचं. मी शिलाईकाम करणारी, आठवीपर्यंत शिकलेली. घरात पोवारी, बाजारात हिंदी; छापील मराठी चारचौघींत वाचायची म्हटलं की जीभ अडखळायची. म्हणून माझी वाचायची वेळ आली की मला हमखास तहान लागे आणि मी पाण्यासाठी बाहेर सटके. मंडळ सोडायचं मी ठरवूनही टाकलं होतं, आणि जीव तुटत होता.

ग्रंथपाल उदारामभाऊंनी ते ओळखलं. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि तिथं नाटकं होतात. त्यांत या माणसानं अर्धं आयुष्य पडद्यामागून नटांना संवाद पुरवलेत. म्हणाले, "रविताबाई, काऊन भिऊन राहिली? मी कपाटाच्या मांगं बसतो. अडकली का शब्द देतो."

पुढच्या रविवारी मी उभी राहिले. कपाटामागून शब्द येत होते, मी उचलत होते. गोष्टीतली आई मरते तिथवर पोचले आणि जुन्या सवयीनं भाऊंनी जोरात सूचना सोडली, "आता रडा! दोन पावलं मागं!"

मीही बावळटासारखी दोन पावलं मागं गेले.

बिंग फुटलं. सगळ्या बाया हसल्या. पळून जावंसं वाटलं. पण भाऊ कान धरून कपाटामागून बाहेर आले, तेव्हा मलाही हसू आवरेना. निवृत्त शिक्षिका सुशीलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "वाच नं पुढं, ते माय तशीच पडून राहिली!"

तेव्हापासून भाऊ दर रविवारी सगळ्यांदेखत कपाटामागं लपू लागले.

परवा एका अवघड जोडाक्षरापाशी मी थांबले. मागून काहीच येईना. मनातल्या मनात भाऊंवर चिडले, शब्द फोडून वाचला आणि पानाच्या शेवटापर्यंत गेले. डोकावून पाहिलं तर खुर्ची रिकामी. भाऊ दारापाशी कुणाचं तरी पुस्तक परत घेत होते.

"भाऊ, कवा उठले?"

"तू सुरू केलं तवाच. पार्ट पाठ झाल्यावर मी कायले पाह्यजे?"

माझे डोळे भरून आले. या माणसाचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. मंडईत टाळ्या नटांना मिळतात, शब्द पुरवणारा पडद्यामागंच राहतो. मी पुस्तक ठेवलं आणि दाराकडं तोंड करून टाळ्या वाजवल्या. मग सुशीलाबाईंनी, मग सगळ्यांनी.

भाऊ मागं वळून बघायला लागले, दारात कोण आलं म्हणून.